विटीदांडूची मोजणी व भागाकारातील बाकी

सदतीसाला सातांनी भागल्यास बाकी किती, या प्रश्नाशी पाटीवर अडखळणारा मुलगा विटीदांडूच्या खेळात तीच बाकी क्षणात सांगतो; कारण त्याचा पुढचा टोला तिच्यावर अवलंबून असतो. कामरगाव (ता. कारंजा) परिसरातील शिक्षकांनी या खेळाचा गणिताच्या पाठासाठी अवश्य उपयोग करावा. पावसाळा सरून काळी जमीन वाळली, म्हणजे आरंभ करावा. चिखलात ना खड्डा टिकतो, ना विटी उडते.

बाभळीचा सुमारे 60 सेंटिमीटरांचा दांडू व दोन्ही टोकांस निमुळती, वितीहून लहान अशी विटी एवढेच साहित्य लागते. जमिनीत एक लहान लांबट खड्डा, म्हणजे गल, उकरतात. त्यावर आडवी ठेवलेली विटी खेळणारा दांडूने दूर कोलतो. प्रतिपक्षाने ती झेलली तर तो बाद होतो. झेल न मिळाल्यास खड्ड्यावर आडव्या ठेवलेल्या दांडूवर विटी फेकावयाची. नेम लागला तरी तो बादच. नेम चुकल्यास खेळणारा विटीच्या टोकावर दांडू मारून ती उडवितो आणि अधांतरी असतानाच टोला हाणतो.

विटी पडेल तेथपर्यंतचे अंतर खड्ड्यापासून दांडूने मोजतात: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वै, जक. पहिल्या चार संज्ञांचे तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी साम्य उघड आहे. सातव्या दांडूस जक झाला, की पुन्हा वकट. मोजणी जेथे संपेल त्या संज्ञेच्या रीतीने, पायाच्या चवड्यावरून, मुठीवरून अशी विटी उडवून, पुढचा टोला मारावा लागतो. या रीती व काही संज्ञा गावोगाव बदलतात; त्या मुलांनाच विचाराव्यात.

समजा, अंतर 38 दांडू, म्हणजे सुमारे 23 मीटर भरले. पाच जक पुरे होऊन तीन दांडू उरले, म्हणून मूंड. मग 42 दांडूंस काय? पाटीवर बाकी शून्य; खेळात मात्र शून्यास नाव नाही, तेथे 'जक' हीच शेवटची संज्ञा येते. हा भेद मुलांना स्वतःच शोधू द्यावा. त्यासाठी एक तास खर्ची पडला तरी चालेल.

गुण म्हणून सर्व दांडू धरावेत की पुरे झालेले जक, हे आधी ठरवावे. दांडूही एकच असावा. 30 मीटर अंतर 60 सेंटिमीटरांच्या दांडूने 50 भरते, तर 50 सेंटिमीटरांच्या दांडूने 60. यावरून भांडण झाल्यास ते लगेच मिटवू नये; प्रमाणित मापाची गरज त्यातूनच कळते.

विटीने डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. म्हणून टोल्याच्या दिशेस लहान मुले नसावीत व झेलणाऱ्यांनी किमान दहा पावले दूर उभे राहावे. डोळ्यास मार लागल्यास तो चोळू वा दाबू नये. डोळ्यावर भार न येईल अशी वाटी वर धरून मुलास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.