वैद्यकीय महाविद्यालय निवडताना आधी रुग्णालय पाहा

नीटचा निकाल लागला की औरंगपुऱ्यातील आमच्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक मंडळी येऊन बसतात. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, पिशवीत दोन-तीन महाविद्यालयांची रंगीत माहितीपत्रके, आणि प्रश्न एकच, ‘डॉक्टरसाहेब, कोणतं कॉलेज चांगलं?’ आजाराइतकाच हा प्रश्नही घराची झोप उडवणारा असतो. म्हणून या आठवड्यात त्याविषयी.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘नीट पास झाला’ याचा अर्थ प्रवेश मिळाला असा होत नाही. २०२४ साली देशात १३ लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. पात्र ठरलेल्या पण खालच्या गुणांच्या मुलांच्या घरीच मग दलालांचे फोन सुरू होतात. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यास १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. कोणी ‘जागा धरून ठेवतो’ म्हणून रोख रक्कम मागितली तर त्याला चहासुद्धा पाजू नये.

आपल्या मराठवाड्याला या जागांचा मोठा इतिहास आहे. घाटीचे शासकीय महाविद्यालय १९५६ चे. त्यानंतर अंबाजोगाई आणि नांदेड येथे शासकीय महाविद्यालये झाली. २००२ मध्ये लातूरला झाले. अलीकडे धाराशिव आणि परभणी, व २०२४ मध्ये जालना आणि हिंगोली यांची भर पडली. पूर्वी राज्यात ७०:३० चे सूत्र होते, म्हणजे विभागातील ७० टक्के जागा त्याच विभागातील मुलांना. मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी, त्यामुळे चांगले गुण असूनही इथली मुले मागे राहत. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले. आता राज्यातील ८५ टक्के कोट्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आपल्या मुलांनाही तितकेच खुले आहे. शासकीय महाविद्यालयांतील उरलेल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. तरीही पुष्कळ पालक अजून ‘आपलं घाटीच बरं’ म्हणून पसंतीक्रमात चार नावे लिहून मोकळे होतात. यादी लांब भरावी, आणि आपल्याला खरोखर जे आधी हवे ते वर लिहावे. संगणक गुणवत्तेप्रमाणे यादी वरून खाली वाचत जातो. अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालची संधी जात नाही.

आता मुख्य मुद्दा. गेल्या वर्षी वैजापूरकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले होते. परराज्यातील एका खासगी महाविद्यालयाचे माहितीपत्रक त्यांच्याकडे होते. त्यात पोहण्याचा तलाव, वातानुकूलित वर्ग, भले मोठे प्रवेशद्वार. तीन एकर विकायची तयारी झालेली. मी विचारले, ‘इथे दिवसाला बाळंतपणं किती होतात?’ माहितीपत्रकात ते कुठेच नव्हते. मी सांगितले, ‘पैसे भरण्याआधी साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी दहा वाजता जा. ऑफिसात जाऊ नका, केसपेपरच्या रांगेत उभे राहा.’ ते गेले. रांगच नव्हती. वॉर्डात चादरी कोऱ्या करकरीत होत्या आणि बहुतेक खाटा रिकाम्या. जमीन राहिली. मुलगी पुढच्या फेरीत राज्यातल्याच एका नव्या शासकीय महाविद्यालयात लागली.

वैद्यकी पुस्तकातून अर्धीच येते. उरलेली रुग्णाच्या खाटेशी उभे राहून येते. पोट कडक आहे की मऊ, हे शंभर पोटांवर हात ठेवल्याशिवाय बोटांना कळत नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० खाटा, १५० जागांना ६०५ आणि २०० जागांना ८०० खाटा लागतात, आणि त्यातल्या ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात. कागदावरच्या खाटा मोजू नयेत, भरलेल्या मोजाव्यात. घाटीच्या इमारतीत गर्दी आहे, गैरसोय आहे, नातेवाईक व्हरांड्यात झोपलेले असतात. परंतु जालना, बीड, बुलढाणा, जळगाव येथून येणारे रुग्ण पाहून तेथील विद्यार्थी जे शिकतो ते संगमरवरी फरशीवर शिकता येत नाही.

नव्या महाविद्यालयांबाबत मात्र सावधपणे विचारपूस करावी. जिल्हा रुग्णालयाला जोडलेले असेल तर रुग्ण असतात, प्रश्न शिक्षकांचा असतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र या पहिल्या वर्षाच्या विषयांना पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती किती मुले उभी राहतात, वसतिगृह बांधून झाले आहे की अजून भाड्याच्या घरात आहे, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. प्राचार्यांपेक्षा ती खरे सांगतात. आंतरवासितेतल्या मुलाला एकच विचारावे, ‘तू स्वतः किती बाळंतपणं केलीस, किती टाके घातलेस?’

खर्चाचा हिशेब एका वर्षाचा करू नये. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यावर एक वर्ष आंतरवासिता. खासगी महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, अभिमत विद्यापीठे त्याच्या कक्षेबाहेर राहिलेली आहेत आणि त्यांचे प्रवेशही केंद्रीय फेरीतून होतात. वसतिगृह, खानावळ, अनामत रक्कम वेगळी. शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास वर्षभराच्या शासकीय सेवेची अट असते, ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच सही करावी.

परदेशात स्वस्तात डॉक्टर करून देतो म्हणणाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रम ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून आहे का? त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आहे का? त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळतो का? नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार या अटी पुऱ्या नसतील तर इथे नोंदणी होत नाही. परत आल्यावरची परीक्षा बहुसंख्य मुले पहिल्या खेपेस उत्तीर्ण होत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

सगळ्याच मुलांना एक माप लागू नाही. सेवाग्रामचे महाविद्यालय डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केले. तिथे नव्या मुलांना आधी आश्रमात राहावे लागते, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. काही मुलांना ते मनापासून भावते, काहींना आठ दिवसांत घर आठवते. आपले पाल्य कोणत्या जातीचे रोप आहे, हे आई-वडिलांना माहीत असते. त्याच्याशी बोलावे, शेजारच्याच्या मुलाशी तुलना करू नये.

शेवटी डॉक्टर म्हणून एक सूचना. प्रवेश निश्चित झाला की कावीळ ‘ब’ प्रतिबंधक लसीची चौकशी करावी. लहानपणी घेतलेली नसल्यास तीन मात्रा लागतात, पहिलीनंतर एक महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. मुलगा किंवा मुलगी वॉर्डात रुग्णांच्या सुया हाताळू लागण्याआधी त्या पूर्ण झालेल्या असाव्यात.