फुलणारा वामनवृक्ष : त्याची माती व त्याचे पाणी

‘बोन्साय’ हा शब्द जपानी आहे. ‘बोन’ म्हणजे उथळ कुंडी व ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. मराठीत आपण त्यास वामनवृक्ष म्हणतो. ही कला चीनमधून जपानात गेली व तेथे वाढली. आपल्या धार-देवासच्या हवेत फुलांसाठी वामनवृक्ष ठेवावयाचा तर बोगनवेल सर्वांत सोयीची. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिची रंगीत पाने म्हणजे फुले नव्हेत, ती छदे होत. तीन छदांच्या मध्ये जी बारीक पांढुरकी नळी दिसते, ते खरे फूल.

ही झाडे बहुधा उपेक्षेने मरत नाहीत, मायेने मरतात. म्हणून आम्ही येथे दोनच गोष्टींवर भर देणार आहो.

पहिली गोष्ट माती. माळव्याची काळी माती गव्हाला उत्तम, परंतु कुंडीला नव्हे. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि ओली असताना मुळांना हवा मिळू देत नाही. सबब एक भाग माती, एक भाग कुजलेले पानांचे खत व दोन भाग हरभऱ्याएवढे विटेचे तुकडे चाळून घ्यावेत. कुंडीच्या तळाशी भोके असावीत व त्यांवर जाळीचा तुकडा ठेवावा.

दुसरी गोष्ट पाणी. मांडूला गेलेल्या वाचकांनी गोरखचिंचेची अवाढव्य झाडे पाहिलीच असतील. मूळची आफ्रिकेची ही झाडे जाड खोडात पाणी साठवितात व कोरड्या महिन्यांत पाने टाकून उभी राहतात. बोगनवेलीची तऱ्हा निराळी, पण तहान तिलाही मानवते. पावसाळा सरल्यावर पाने किंचित मलूल होईपर्यंत पाणी थांबवावे व मग तळातून निथळेपर्यंत द्यावे. असे काही आठवडे केल्यास कळ्या येतात. रोज थोडे थोडे पाणी दिल्यास नुसती पाने माजतात. नत्रयुक्त खत फार झाले तरी तेच होते. मे महिन्यात मात्र उथळ कुंडी दिवसभरात वाळते. तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी हवेच.

ऊन रोज पाच-सहा तास मिळाले पाहिजे. बैठकीत शोभेसाठी ठेवायची तर एखादा दिवस, अधिक नको. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी बहर संपल्यावर करावी. खोडास वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना मुळे हलक्या हाताने हाताळावीत व नंतर झाड पंधरा दिवस सावलीत ठेवावे.

एकत्र कुटुंबात आणखी एक धोका असतो. आजी पाणी घालते, सूनबाई घालते आणि शाळेतून आलेला नातूही घालतो. तिघांच्या प्रेमाने मुळे कुजतात व आठ-दहा वर्षांत आणलेला आकार एका पावसाळ्यात जातो. तो पुन्हा येत नाही. यास्तव पाण्याचे काम एकाकडेच असावे, आणि त्याने बोट मातीत एक पेर खुपसून पाहिल्याखेरीज तांब्या उचलू नये.

हिरोशिमाच्या यामाकी घराण्यातील एक पाइन वृक्ष १६२५ पासून कुंडीत वाढविला गेला. १९४५ च्या अणुबॉम्बातूनही तो वाचला व १९७६ साली अमेरिकेस भेट दिला गेला. माणसे बदलली, पण निगा सुटली नाही. आपल्या घरीही हे काम मुलाकडे सोपविताना आधी त्यास मातीची ओल ओळखावयास शिकवावे.