सुखसंवेदना आणि जीवनसाफल्य : एक विवेक

‘सुख’ हा शब्द आपण नित्य उच्चारतो. परंतु त्याचा अर्थ निश्चित केल्यावाचून ‘मी सुखी आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ऋग्वेदाच्या भाषेत ‘सुख’ हे रथाचे विशेषण म्हणून येते. ‘ख’ म्हणजे छिद्र. ज्याच्या चाकाच्या तुंब्यातील आस बसण्याचे छिद्र उत्तम आहे, म्हणून जो न अडखळता चालतो, तो रथ ‘सुख’, अशी व्युत्पत्ती विद्वान सांगतात. पुढे हाच शब्द मनाला अनुकूल वाटणाऱ्या संवेदनेचा वाचक झाला. अशा रीतीने या शब्दात दोन अर्थ दिसतात : एक, गोड वाटणे, दुसरा, नीट चालणे. या दोहोंची गल्लत झाली असता साधकाची मोठी हानी होते. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांचा विवेक करावयाचा आहे.

हा भेद इतर देशांतील विचारवंतांनीही केला आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने ज्याला ‘युडायमोनिया’ म्हटले, ते क्षणिक सुखसंवेदनेहून वेगळे आहे. सद्गुणांना अनुसरून आयुष्यभर घडणारे आचरण, असा त्याचा आशय आहे. आपण त्याला जीवनसाफल्य म्हणू. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ साली या साफल्याची सहा अंगे मांडली : स्वतःचा स्वीकार, इतरांशी सख्य, स्वतंत्र निर्णयशक्ती, परिस्थिती हाताळण्याची क्षमता, जीवनाचे ध्येय आणि सतत होणारी वाढ. ‘आज किती गोड वाटले’ हे या सहांत कोठेच येत नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता सुखसंवेदनेचा स्वभाव पाहू. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सोडतीत मोठे बक्षीस मिळालेल्या २२ जणांची, तेवढ्याच सामान्य माणसांची आणि अपघाताने पंगू झालेल्या २९ जणांची विचारपूस केली. शून्य ते पाच अशा मापावर बक्षीस मिळालेल्यांचे सुख सरासरी ४ आणि सामान्यांचे ३·८२ भरले. हा भेद गणिताच्या दृष्टीने नगण्य होता. अपघातग्रस्तांचे माप २·९६ भरले. ते कमी खरे, पण लोक कल्पितात तितके कमी नव्हे. विशेष असे की न्याहारी करणे, मित्राशी बोलणे यांसारख्या नित्याच्या गोष्टींत बक्षीसवाल्यांना सामान्यांपेक्षा कमी रस वाटत होता. मन प्राप्त वस्तूला सरावते आणि सरावले की तिची गोडी ओसरते. गोडीच्या मागे धावणारा मनुष्य घाण्याच्या बैलाप्रमाणे दिवसभर चालतो आणि होता तेथेच राहतो.

शंका : तर मग धन, आरोग्य ही सर्व निरर्थकच मानावीत काय?

समाधान : नाही. तो अभ्यास लहान होता. पुढील संशोधनाने त्यास मर्यादा घातली. स्वीडनमधील सोडतविजेत्यांचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात बक्षिसाने आलेले जीवनाविषयीचे समाधान दहा वर्षांहून अधिक काळ टिकलेले दिसले. आनंदावर मात्र परिणाम पुष्कळच कमी आढळला. तसेच कायमच्या अपंगत्वाला मन पूर्णपणे सरावत नाही, असेही दिसून आले आहे. म्हणून भुकेल्याला वा रुग्णाला ‘सुख मनावर असते’ असे सांगून वाटेस लावणे हे ज्ञान नव्हे, निष्ठुरता आहे. त्याला अन्न आणि औषध द्यावे.

या विवेकाचा साधकाला काय उपयोग? अनुसरण घेतल्यावर प्रथम स्मरणात विलक्षण गोडी वाटते. काही वर्षांनी तेच स्मरण, तेच आसन, तोच पाठ कोरडा भासू लागतो. मग साधक म्हणतो, ‘माझे काही चुकले, माझे अंतर पडले.’ कोणी नवे स्थान शोधतो, कोणी नवा वक्ता. कोणी आचारच सोडतो. संसारातील वासनिकाचेही असेच होते. येथे त्याने जाणावे की गोडी ओसरणे हा सरावाचा धर्म आहे. एवढ्यावरून अधःपात सिद्ध होत नाही. त्याने वेगळे प्रश्न विचारावेत : माझा क्रोध पूर्वीपेक्षा लवकर शमतो काय? सहसाधकाचे दुःख मला कळते काय? कोणी पाहत नसताना माझा आचार तसाच राहतो काय? उत्तर होकारार्थी असेल, तर रथ नीट चालला आहे.

मात्र एक सावधानता हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहिले, कशातच रस वाटेना, निद्रा आणि अन्न यांवर परिणाम झाला, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याला केवळ सराव म्हणू नये. तो नैराश्याचा विकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. अशा साधकाला ‘वैराग्य वाढले’ म्हणून एकटे सोडू नये. सहसाधकांनी त्याला वैद्याकडे न्यावे.

हे शास्त्र जीवाच्या प्रपंचातील अवस्था मोजते. परमेश्वराचा आनंद त्याच्या मापात येत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. परंतु आपण पुष्कळदा मनाच्या गोडीलाच तो आनंद समजतो आणि ती ओसरताच निराश होतो. हा भ्रम दूर करण्यापुरते हे शास्त्र उपकारक आहे.

तात्पर्य, गोडी आली तर ती घ्यावी, गेली तर तिच्यामागे धावू नये. आचार मात्र चालू ठेवावा. दंडवत प्रणाम.