हरकत घेऊन आराखडा बदलतो का?

प्रश्न : आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला आहे. वस्तीतल्या मुलांच्या मैदानातून 18 मीटरचा रस्ता दाखवला आहे. हरकत घेऊन काही होते का, की सगळे आधीच ठरलेले असते?

उत्तर : होते, पण नुसत्या संतापाने नाही. मुंबईचेच पाहा. 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ढोबळ चुकांवर आणि आरे वसाहतीतील प्रस्तावांवर हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो फेरतपासणीसाठी परत पाठवला, 2016 मध्ये सुधारित मसुदा आला आणि मंजुरीला 2018 उजाडले.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार हरकती-सूचना मागवल्या जातात. कलम 28 नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. ‘रस्ता नको’ एवढेच लिहिलेले अर्ज तिथे फारसे टिकत नाहीत. गट क्रमांक लिहा, मोजणीचा नकाशा व मैदानाचे फोटो जोडा. आराखड्याआधी विद्यमान भूवापराचा नकाशा तयार होतो. त्यात तुमचे मैदान मोकळी जागा म्हणून दाखवले आहे का, हे आधी तपासा. अनेक चुकांचे मूळ तिथेच असते. जमल्यास रस्त्याची पर्यायी आखणीही सुचवा. समितीला नकारापेक्षा पर्याय स्वीकारणे सोपे जाते, हा माझा अनुभव.

सह्यांच्या एकाच निवेदनाबरोबर रहिवाशांचे स्वतंत्र अर्जही द्या. नोटिशीतली मुदत चुकवू नका आणि प्रत्येक अर्जाची पोहोच घ्या.