तीन विद्यापीठांचा खेळाडू

(शाळा किंवा महाविद्यालय बदलणे ही साधी गोष्ट नसते. जुने सोबती सुटतात आणि नव्या ठिकाणी सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. अमेरिकेतील एका तरुण खेळाडूने चार वर्षांत तीन विद्यापीठांच्या संघांतून खेळ केला. त्याची हकीकत या पाठात दिली आहे. त्याने केले ते योग्य होते की नाही, याचा विचार पाठ वाचताना तुम्ही करा.)

मुलांनो, वर्ष सुरू होऊन महिना-दोन महिने झाले, की कधी कधी वर्गात एखादा नवा मुलगा येतो. त्याच्या हातात जुन्या शाळेचा दाखला असतो. सगळे त्याच्याकडे पाहतात. तो शेवटच्या बाकावर बसतो. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खावा, हे त्याला कळत नाही. चार-सहा महिन्यांनी मात्र तोच मुलगा वर्गाच्या संघात खेळताना दिसतो. हा बदल कसा घडतो? यासाठी आज आपण कॅम वॉर्ड या खेळाडूची ओळख करून घेऊ.

कॅम वॉर्डचा खेळ अमेरिकन फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्यापेक्षा हा खेळ फार वेगळा आहे. यातला चेंडू लांबट असतो आणि दोन्ही टोकांना निमुळता होतो. तो हातात धरून पळतात किंवा हाताने फेकतात. मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू असतात. ज्या संघाकडे चेंडू असतो, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन समोरच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचले, की सहा गुण मिळतात. त्याला टचडाउन म्हणतात.

या खेळात क्वार्टरबॅकची जागा सर्वांत महत्त्वाची. तो आपल्या रांगेच्या मागे उभा राहतो आणि डाव सुरू झाला, की चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो. मग दोन-तीन सेकंदांत त्याला निर्णय घ्यायचा असतो. चेंडू कोणाकडे फेकावा? स्वतः पळावे का? समोरून धिप्पाड गडी त्याला पाडायला धावत असतात. अशा वेळी डोके शांत ठेवणे हेच त्याचे खरे काम.

कॅम वॉर्डचा जन्म २००२ साली झाला. टेक्सास राज्यातील वेस्ट कोलंबिया या लहान गावातल्या कोलंबिया हायस्कूलमध्ये तो शिकला. तिथे तो क्वार्टरबॅक होता. पण त्या शाळेच्या संघाची पद्धत चेंडू घेऊन पळण्याची होती. चेंडू लांब फेकण्याचे प्रसंग त्याला फारच थोडे मिळत. मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक शाळांचे सामने पाहून खेळाडू निवडतात. चेंडू न फेकणारा क्वार्टरबॅक त्यांच्या नजरेत कसा भरणार? अमेरिकेत शाळकरी खेळाडूंना तारे देऊन त्यांची पायरी ठरवली जाते. सर्वोत्तम खेळाडूला पाच तारे मिळतात. वॉर्डला एकही मिळाला नाही. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

सॅन अँटोनिओ शहरात इन्कार्नेट वर्ड नावाचे एक खासगी विद्यापीठ आहे. तिथे फुटबॉलचा संघ २००९ साली सुरू झाला. हा संघ खालच्या गटात खेळतो. तेथील प्रशिक्षक एरिक मॉरिस यांनी वॉर्डचा हात ओळखला आणि त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. वॉर्ड तिथे गेला. करोनाच्या साथीमुळे २०२० सालचा मोसम पुढे ढकलला गेला होता. त्यामुळे त्याचे पहिले सामने २०२१ च्या सुरुवातीला झाले. त्या छोट्या मोसमात त्याने टचडाउनचे २४ फेक केले. खालच्या गटातील पहिल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा जेरी राइस पुरस्कार त्यालाच मिळाला. त्यानंतरच्या पूर्ण मोसमात तर असे ४७ फेक झाले. ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याच्या नावाची आता चर्चा होऊ लागली.

याच सुमारास अमेरिकेत विद्यापीठ बदलण्याचे नियमही बदलले होते. पूर्वी फुटबॉलच्या खेळाडूने विद्यापीठ बदलले, तर त्याला बहुधा एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. विद्यार्थी म्हणून तो वर्गात जाई, सरावही करी. पण मैदानात उतरता येत नसे. प्रशिक्षक मात्र मनात येईल तेव्हा दुसऱ्या विद्यापीठात जाई आणि लगेच काम सुरू करी. हा अन्याय आहे, असे अनेकांना वाटे. २०१८ साली एक नोंदवही सुरू झाली. बदल हवा असलेल्या खेळाडूने तिच्यात नाव नोंदवायचे, म्हणजे इतर विद्यापीठांना त्याच्याशी बोलता येई. २०२१ साली एकदा बदल करणाऱ्याला बाहेर बसण्याची अट राहिली नाही. २०२४ पासून अभ्यासात समाधानकारक असलेल्या खेळाडूला एकापेक्षा जास्त वेळाही लगेच खेळण्याची मुभा मिळाली. २०२१ च्या जुलैपासून विद्यार्थी खेळाडूंना जाहिरातींसारख्या कामांतून पैसे मिळवण्याचीही परवानगी मिळाली. साहजिकच खेळाडूंची ये-जा खूप वाढली.

२०२२ साली प्रशिक्षक मॉरिस वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात गेले आणि वॉर्डही तिथे गेला. हे विद्यापीठ देशाच्या वायव्य भागात, पुलमन या लहानशा गावात आहे. भोवती गव्हाच्या शेतांच्या टेकड्या आहेत आणि हिवाळ्यात बर्फ पडते. टेक्सासच्या उन्हात वाढलेल्या मुलाला सारेच नवे होते. शिवाय हा संघ वरच्या गटातला होता. समोरचे खेळाडू अधिक वेगवान आणि अधिक बळकट होते. पहिल्या वर्षी त्याच्या टचडाउनच्या फेकांची संख्या ४७ वरून २३ वर आली. वर्षभरातच प्रशिक्षक मॉरिस दुसऱ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले. ज्यांच्यामागे तो आला होता, तेच आता नव्हते! तरीही वॉर्ड दुसऱ्या वर्षी तिथेच राहिला. त्या मोसमात संघाने बारापैकी पाचच सामने जिंकले. त्याच काळात त्या संघाची जुनी स्पर्धाही मोडकळीस आली. तिच्यातील बारा विद्यापीठांपैकी दहा विद्यापीठे अधिक पैशांसाठी दुसऱ्या स्पर्धांत निघून गेली. मुलांनो, हे ध्यानात ठेवा. खेळाडू संघ बदलतो, तेव्हा आपण त्याला नावे ठेवतो. इथे तर विद्यापीठांनीच आपले जुने सोबती सोडले होते!

जानेवारी २०२४ मध्ये वॉर्डने व्यावसायिक खेळात जाण्याचे ठरवले व तसे जाहीरही केले. पण थोड्याच दिवसांत त्याने तो निर्णय मागे घेतला. आपल्यात अजून कमतरता आहे, आणखी एक वर्ष शिकले पाहिजे, असे त्याने ठरवले. केलेली घोषणा मागे घेताना लोक हसतील, ही भीती माणसाला असते. त्या भीतीपोटी अनेक जण चुकीच्या वाटेवरच चालत राहतात. वॉर्डने तसे केले नाही. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडा राज्यातील मायामी विद्यापीठात दाखल झाला. हे त्याचे तिसरे विद्यापीठ.

विद्यापीठ बदलले, म्हणजे नुसता गणवेश बदलत नाही. प्रत्येक संघाच्या डावांची नावे वेगळी, खुणा वेगळ्या. एका ठिकाणी ज्या शब्दाचा अर्थ 'उजवीकडे धाव' असा असेल, त्याचा दुसऱ्या ठिकाणी काही वेगळाच अर्थ असतो. शेकडो डाव पुन्हा पाठ करावे लागतात. तुम्हाला याची कल्पना सहज येईल. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठीच्या तासाला तोच हात डावीकडून उजवीकडे वळवता. 'किताब', 'दुनिया' हे ओळखीचे शब्द मराठीतही भेटतात, पण लिपी नवी असते. सुरुवातीला हात अडखळतो. मग सवयीने तो वळू लागतो. वॉर्डलाही तीन वेळा असाच हात वळवावा लागला.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी मायामीचा सामना कॅलिफोर्निया विद्यापीठाशी बर्कली येथे होता. तिसऱ्या सत्रात मायामीचा संघ १०-३५ असा पंचवीस गुणांनी मागे पडला होता. मैदान परके, प्रेक्षक परके. सामना हातातून गेला, असेच सर्वांना वाटत होते. पण वॉर्डने घाई केली नाही. एकेक डाव खेळत त्याने अंतर कमी केले. शेवटच्या मिनिटात त्याच्या फेकीवर टचडाउन झाला आणि मायामीने ३९-३८ अशी एका गुणाने बाजी मारली. त्या दिवशी त्याच्या फेकींनी संघ ४३७ यार्ड पुढे नेला.

मात्र त्या मोसमात त्याला सगळेच मिळाले नाही. सिरॅक्यूजविरुद्ध २१-० अशी आघाडी घेऊनही मायामी तो सामना ३८-४२ असा हरला आणि स्पर्धेच्या अंतिम सामन्याची संधी गेली. मोसमाचा शेवटचा सामना २८ डिसेंबर २०२४ रोजी ओरलँडो येथे आयोवा स्टेटशी झाला. पहिल्या अर्ध्या भागात वॉर्डने टचडाउनचे तीन फेक केले. त्यामुळे त्याची कारकिर्दीतली एकूण संख्या १५८ झाली आणि १५५ चा जुना विक्रम मोडला. पण दुसऱ्या अर्ध्या भागात तो मैदानात उतरलाच नाही. त्याचा संघ ४१-४२ असा हरला.

यावर बरीच टीका झाली. काही म्हणाले, "विक्रम झाला आणि याने संघाला सोडले." दुसरे म्हणाले, "व्यावसायिक खेळाची निवड चार महिन्यांवर आली आहे. दुखापत झाली तर त्याच्या आयुष्याचे नुकसान कोण भरून देणार?" दोन्ही बाजूंत तथ्य आहे. विक्रमाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या १५८ फेकांपैकी ७१ खालच्या गटातील आहेत. मोठेपणा मोजताना सगळी बाजू पाहावी, हे बरे.

२४ एप्रिल २०२५ रोजी व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली. देशभरातील खेळाडूंमधून सर्वांत पहिले नाव पुकारले गेले ते कॅम वॉर्डचे! टेनेसी टायटन्स या संघाने त्याला घेतले. ज्याला शाळेत एकही तारा मिळाला नव्हता, तो पहिल्या क्रमांकावर आला. या संघाच्या १ क्रमांकाच्या सदऱ्याचा मान पूर्वीचे थोर क्वार्टरबॅक वॉरन मून यांच्यासाठी राखून ठेवला होता. मून यांनी तो क्रमांक वापरण्याची परवानगी या तरुणाला दिली. संघ दुबळा असल्याने वॉर्डचा पहिला मोसम पराभवांचाच गेला. नवी जागा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

मुलांनो, ही हकीकत वाचून कोणी म्हणेल, "जागा बदलली, की नशीब बदलते." तसे नाही. त्या नोंदवहीत नाव घालणाऱ्या कितीतरी मुलांना नवे विद्यापीठ मिळतच नाही. जुनी जागा गेलेली असते. एका ठिकाणी शिकलेले सगळे विषय दुसरे विद्यापीठ मान्य करीलच, असेही नसते. त्यामुळे पदवी लांबते. खेळ सुटला आणि पदवीही राहिली, तर त्या मुलाने काय करावे? म्हणून जागा सोडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी कशापासून पळतो आहे, की काही शिकायला जातो आहे? वॉर्ड जिथे गेला, तिथे आधीपेक्षा कठीण काम त्याची वाट पाहत होते. ते त्याने टाळले नाही.

आणि उद्या तुमच्या वर्गात हातात दाखला घेऊन कोणी नवा मुलगा आला, तर त्याला शेवटच्या बाकावर एकटा बसू देऊ नका. इन्कार्नेट वर्डच्या प्रशिक्षकांनी एका मुलाकडे नीट पाहिले, म्हणून ही गोष्ट घडली. तुम्हीही नीट पाहा.

शब्दार्थ
हकीकत – घडलेली गोष्ट, वाकिआ
निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
निर्णय – फैसला
शिष्यवृत्ती – वजीफा
मोसम – खेळाचा हंगाम
मुभा – परवानगी, इजाजत
तथ्य – खरेपणा, सच्चाई
संधी – मौका

वाक्प्रचार
पाठ फिरवणे – दुर्लक्ष करणे, सोडून जाणे
नजरेत भरणे – लक्ष वेधून घेणे
नावे ठेवणे – दोष देणे
बाजी मारणे – जिंकणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अमेरिकन फुटबॉलचा चेंडू कसा असतो?
(आ) वॉर्डला शाळेत असताना किती तारे मिळाले?
(इ) मायामीने कॅलिफोर्नियावर किती गुणांनी विजय मिळवला?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विद्यापीठ बदलण्याचा पूर्वीचा नियम अनेकांना अन्यायाचा का वाटे?
(आ) वॉर्डने जानेवारी २०२४ मध्ये आपली घोषणा मागे का घेतली?

प्र. ३. विचार करा व लिहा.
शेवटच्या सामन्यात वॉर्डने दुसऱ्या अर्ध्या भागात खेळायला हवे होते का? तुमचे मत कारणांसह दहा ओळींत लिहा.

प्र. ४. वरील वाक्प्रचारांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या शाळेत दुसऱ्या शाळेतून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला. पहिल्या दिवशी त्याला काय वाटले, ते विचारून मराठीत लिहा.