आकाशाची स्वयंचलित टेहळणी

आपल्या आकाशगंगेतील अतिनवतारा, म्हणजेच सुपरनोव्हा, नुसत्या डोळ्यांनी पाहिल्याची शेवटची निर्विवाद नोंद १६०४ मधील आहे. एका दीर्घिकेत असा स्फोट शतकातून जेमतेम एक-दोनदा होतो. त्यामुळे त्याच्या शोधार्थ हजारो दीर्घिकांवर रोज रात्री नजर ठेवावी लागते. हे कष्टाचे काम आता स्वयंचलित दुर्बिणी करतात.

त्यांची कार्यपद्धती मुळात वजाबाकीची आहे. आकाशाच्या ज्या भागाचे छायाचित्र पूर्वी घेतलेले असते, त्याचेच नवे छायाचित्र घेऊन संगणक त्यातून जुने वजा करतो. न बदललेले तारे पुसले जातात. उरतो तो बदल. अर्थात हा बदल लघुग्रहाचा, वैश्विक किरणाचा किंवा वजाबाकीतील दोषाचाही असू शकतो. म्हणून खऱ्याखोट्याची छाननी हाच या पद्धतीचा सर्वांत अवघड भाग होय.

लवकर शोध लागण्याचे महत्त्व २०११ मध्ये दिसून आले. त्या वर्षी २४ ऑगस्टला कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या १.२ मीटर दुर्बिणीने सप्तर्षी तारकासमूहातील एम १०१ या दीर्घिकेत एक अतिनवतारा टिपला. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे. त्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचू लागून तेव्हा अवघे ११ तास झाले असावेत, असे गणिताने दिसते. त्या प्रारंभीच्या मंद प्रकाशावरूनच स्फोट पावलेला तारा अत्यंत लहान, म्हणजे श्वेतबटू असल्याचा पुरावा मिळाला. हा अतिनवतारा 'आयए' प्रकारचा होता. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचा १९९८ मधील निष्कर्ष याच प्रकारच्या ताऱ्यांवर आधारलेला असून त्यासाठी २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. दोन आठवडे उशीर झाला असता, तर हा पुरावा कायमचा हातचा गेला असता.

रूपविकारी तारे हे याच टेहळणीचे दुसरे पीक. एकाच ताऱ्याची शेकडो निरीक्षणे आपोआप साठत जातात आणि त्यांतून त्याच्या तेजातील चढउताराचा आलेख तयार होतो. सेफीड ताऱ्यांचा आवर्तकाल व तेजस्विता यांचा हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडलेला संबंध अंतरमापनाचा पाया ठरला. तो त्यांनी काचेच्या छायाचित्रपट्ट्या डोळ्यांनी तपासून शोधला होता, हे विसरता येत नाही.

कॅलिफोर्नियात उजाडते तेव्हा लडाखमध्ये सायंकाळ होत असते. हानले येथील ०.७ मीटर व्यासाची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण नेमकी येथे उपयोगी पडते. भारतीय खगोलभौतिकी संस्था व मुंबईची आयआयटी यांनी ती २०१८ मध्ये कार्यान्वित केली. पाश्चात्त्य दुर्बिणींनी दाखविलेला बदल मावळण्यापूर्वी त्याचा पाठपुरावा करणे, हे तिचे एक प्रमुख काम आहे.

माणूस मात्र अजून बाद झालेला नाही. एम १०१ मधीलच पुढचा अतिनवतारा १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इटागाकी या हौशी निरीक्षकाने शोधला. चिलीमधील ८.४ मीटर व्यासाच्या रुबिन दुर्बिणीची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका रात्रीत १ कोटीपर्यंत बदलांच्या सूचना देण्याची तिची आखणी आहे. स्फोटाचा प्रकार ठरविण्यासाठी लागणारा वर्णपट मात्र त्यांपैकी फारच थोड्यांचा घेता येईल.