निसर्गाचे धन कोणाचे?

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमापाशी नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. हिवाळा आला की तेथील पाणथळीत दूरदेशींचे हजारो पक्षी उतरतात. १९८६ साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. पुढे जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळवणारे हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले.

मुलांनो, अशा काठावरून जाताना गवतात एखादे घरटे दिसते. त्यात ठिपक्यांची सुबक अंडी असतात. 'ही कोणाचीच नाहीत. एक घरी नेले तर काय बिघडले?' असा मोह मनाला होतो. परंतु जे कोणा एकाचे नाही, ते कोणाचेच नाही काय? नाही, ते सर्वांचे असते.

हेच तत्त्व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे किंवा त्यांची घरटी विसकटणे, यालाही हा कायदा शिकारच म्हणतो. कायद्याने संरक्षिलेला वन्य प्राणी मेलेला सापडला, तरी तो सापडणाऱ्याचा होत नाही. तो सरकारची मालमत्ता ठरतो व त्याची वर्दी ४८ तासांच्या आत द्यावी लागते.

मग संग्रहालयात पक्षी व अंडी कशी असतात, असे तुम्ही विचाराल. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'त पक्ष्यांचा मोठा संग्रह आहे. सलीम अली लहान असताना, छर्‍याच्या बंदुकीने टिपलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन तेथे गेले होते. तेथील संग्रह पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले आणि पुढे ते थोर पक्षिशास्त्रज्ञ झाले. त्या काळी अशी शिकार सर्रास चाले. आज कायदा तिला मनाई करतो. संग्रहालयासाठी नमुना घ्यावयाचा, तरी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते.

अशा संग्रहाचा उपयोग काय? ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने बहिरी ससाण्याची जुन्या संग्रहांतील अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली. नवी कवचे पातळ झाली होती. हे त्याने १९६७ साली जगापुढे मांडले. डी. डी. टी. सारख्या कीटकनाशकांमुळे ही कवचे पातळ होऊन फुटत होती, हे पुढे सिद्ध झाले. जुन्या अंड्यांजवळ स्थळ व काळ यांची नोंद होती, म्हणूनच ही तुलना शक्य झाली. नोंदीवाचून ती केवळ शोभेची वस्तू ठरली असती.

म्हणून संग्रहालय हे निसर्गाच्या धनाचे मालक नव्हे, विश्वस्त होय. आपल्या कपाटात बंद झालेले अंडे एकालाच दिसते, आणि त्यातून उडणारा पक्षी मात्र कोणालाच दिसत नाही. तुम्हांला संग्रहच करावयाचा असेल, तर वहीत पक्ष्याचे चित्र काढा. त्याखाली स्थळ, दिवस व वेळ लिहा. असा संग्रह कोणाचेही काही हिरावून घेत नाही.

शब्दार्थ : पाणथळ – उथळ पाणी साचून राहणारी जागा, वर्दी – खबर, विश्वस्त – दुसऱ्यांची ठेव सांभाळणारा.

स्वाध्याय
१. 'जे कोणा एकाचे नाही, ते सर्वांचे असते.' हे विधान स्पष्ट करा.
२. जुन्या अंड्यांच्या नोंदी शास्त्रज्ञाला कशा उपयोगी पडल्या?
३. 'मालक' व 'विश्वस्त' यांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.